घरदुरुस्तीच्या वेबसाइटला ॲफिलिएट लिंकमधून पैसे कसे मिळतात: पहिल्या लेखापासून खात्यात रक्कम येईपर्यंत

रंगाचा डबा फोडला की आतून पेंटरसाठी एक टोकन निघायचं, आठवतंय? माझ्या मामांचं कोल्हापुरात हार्डवेअरचं दुकान, त्यामुळे सुट्टीत गेलो की ती टोकनं भरपूर बघायला मिळायची, पेंटर लोक ती खिशात जपून ठेवायचे आणि आठवड्याने येऊन त्याचे पैसे घेऊन जायचे. प्लायवूडवर सुताराचं कमिशन, नळावर प्लंबरचं कमिशन, हे घरदुरुस्तीच्या धंद्यात पहिल्यापासून चालत आलंय. ॲफिलिएट लिंक म्हणजे तेच टोकन, वेबसाइटवर आलेलं. फरक इतकाच की पेंटर घरमालकाला टोकनाचं काही सांगायचा नाही आणि आपल्याला वाचकाला ते सांगावंच लागतं. मला तरी हा फरक फार आवडतो, आणि ज्याला तो आवडत नाही त्याने या कामात पडूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मी काही वर्षं मराठीत घरदुरुस्तीवर लिहितोय, आणि मला सगळ्यात जास्त विचारलं जातं ते हेच, की बाबा यातून पैसे येतात कसे. तर आज सगळं सविस्तर सांगतो.

आधी लिंक कशी चालते ते समजून घ्या

तुम्ही ॲमेझॉनच्या असोसिएट्स प्रोग्रॅममध्ये, म्हणजे त्यांच्या ॲफिलिएट योजनेत, खातं उघडता, तिथे तुम्हाला एक ओळखनाव मिळतं, त्याला टॅग म्हणतात. भारतातल्या टॅगच्या शेवटी २१ हा आकडा असतो. एखाद्या ड्रिल मशीनची लिंक तुम्ही तुमच्या खात्यातून बनवली की तो टॅग लिंकच्या पोटात बसतो. वाचकाने लिंक दाबली की त्याच्या ब्राउझरमध्ये नोंद होते की हा माणूस अमुक टॅगवरून आला, आणि पुढच्या २४ तासांत त्याने खरेदी केली तर कमिशन तुमचं. तो ड्रिल बघायला गेला आणि ड्रिल सोडून पडद्याचा रॉड घेऊन आला तरी सहसा त्याचं कमिशन मिळतं, दर मात्र त्या वस्तूच्या कॅटेगरीचा लागतो. पण मधेच त्याने दुसऱ्या कुणाची लिंक दाबली तर तुमची नोंद पुसली जाते.

दोन गोष्टी नवीन लोकांना माहीत नसतात आणि मग हिशोब जुळत नाही म्हणून ते गोंधळतात. एक म्हणजे कमिशन टॅक्स वगळून उरलेल्या किमतीवर मिळतं. वस्तू ११८० रुपयांची असेल आणि त्यात १८ टक्के जीएसटी असेल तर तुमचं कमिशन १००० रुपयांवर. दुसरं म्हणजे वस्तू परत गेली की कमिशनही परत जातं. आणि स्वतःच्या लिंकवरून स्वतः खरेदी करायची नाही, घरच्यांना करायला लावायची नाही, ते चालत नाही, खातं बंद होऊ शकतं.

विषय लहान पकडा, अगदी लहान

'घर सजावट आणि दुरुस्ती' असा अख्खा विषय घेऊन बसलात तर मोठ्या साइट्सपुढे तुमचा निभाव लागणार नाही. त्यांच्याकडे माणसं आहेत, पैसा आहे. अमेरिकेत वायरकटर नावाची साइट २०११ मध्ये सुरू झाली, वस्तू प्रत्यक्ष वापरून बघायच्या आणि मग एकच सुचवायची अशी तिची पद्धत, घरगुती वस्तूंसाठी त्यांनी स्वीटहोम नावाची वेगळी साइट काढली होती, आणि २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने हे सगळं साधारण ३ कोटी डॉलरला विकत घेतलं. कमाई मुख्यतः ॲफिलिएट लिंकमधून. म्हणजे धंदा खरा आहे, पण त्यांच्यासारखे वीस ड्रिल विकत घेऊन तपासणं आपल्याला परवडणार नाही. आपल्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे नाही, ते म्हणजे आपली घरं.

कोकणातल्या घराची दमट भिंत, पुण्यातल्या सोसायटीत बोअरच्या जड पाण्याने खराब होणारे नळ आणि गीझर, मुंबईतल्या चार बाय सहाच्या बाथरूममधली बुरशी, विदर्भात कूलरची फुटणारी टाकी. यातला एक प्रश्न धरा आणि त्यावर दहा-बारा लेख होतात का बघा. होत असतील तर तोच तुमचा विषय.

लेख कसा असावा, एक उदाहरण पूर्ण सांगतो

सुरुवातीला मीही सगळ्यांसारखा 'सर्वोत्तम १० ड्रिल मशीन' छाप लेख लिहिला होता, मशीन हातात न धरता, वर्णनं वाचून. एका वाचकाचा मेसेज आला, की तुम्ही सांगितलेलं मशीन घेतलं, भोक पाडलं, पण गिट्टी (स्क्रू धरून ठेवणारा प्लग) भिंतीत नुसती गोल फिरते, स्क्रू घट्टच होत नाही, शेल्फ खाली आलं. मी फोटो मागवला तर भिंत सिपोरेक्सची, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ब्लॉकची. आता ज्याने काम केलंय त्याला माहितीये की सिपोरेक्सचा ब्लॉक आतून बिस्किटासारखा असतो, त्यावर हॅमर मोड लावला की भोक मोठं होतं आणि कडा ढासळतात. तिथे हॅमर बंद ठेवून साधं फिरवत भोक पाडायचं, बिट शक्यतो एक साइज लहान घ्यायचा, आणि आखूड गिट्टीऐवजी लांब नायलॉनची गिट्टी वापरायची. गीझरसारखं जड काही असेल, १५ लिटरच्या गीझरमध्ये नुसत्या पाण्याचंच वजन १५ किलो होतं, तर भिंतीतून आरपार बोल्ट टाकून मागे पट्टी द्यायची. मशीन वाईट नव्हतं, माझा लेख वाईट होता. तो मी काढून टाकला आणि त्याजागी 'सिपोरेक्सच्या भिंतीवर शेल्फ कसं लावायचं' असा लेख लिहिला.

त्या लेखात विकायला काय आहे बघा. लांब नायलॉन गिट्ट्यांचं पाकीट, योग्य साइजचा बिट, लेव्हल बघायची पट्टी, आणि ज्याच्याकडे मशीनच नाही त्याच्यासाठी एक मशीन. चार लिंक. हे सगळं त्या कामाला लागतंच, वाचकाला वेगळं पटवून द्यावं लागत नाही, तो लेख उघडा ठेवून सामान मागवतो. 'कोणतं ड्रिल घ्यावं' असं विचारणारा अजून महिनाभर विचार करेल, पण 'गिट्टी फिरतेय' असं शोधणाऱ्याच्या भिंतीत आत्ता भोक आहे. घरदुरुस्तीच्या साइटची खरी कमाई अशा कामाच्या लेखातून होते. वस्तूंच्या याद्या नंतर, कामाचे लेख आधी.

दुसरं उदाहरण ओलीचं. भिंतीला ओल आली की माणूस घाबरून थेट वॉटरप्रूफिंगचा डबा शोधतो. तुम्ही आधी त्याला फुकटची तपासणी सांगा: हातभर प्लास्टिकचा चौकोनी तुकडा भिंतीला चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवा. पाण्याचे थेंब प्लास्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला दिसले तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या, खोलीकडच्या बाजूला दिसले तर ती खोलीतल्या हवेची वाफ आहे, तिथे वॉटरप्रूफिंगचे हजारो रुपये पाण्यात जातील, तिथे एक्झॉस्ट फॅन लावा आणि खिडकी उघडी ठेवा. ओल भिंतीतून येत असेल तर आधी गळका पाइप, वरच्या मजल्याचं बाथरूम, बाहेरची भेग हे सगळं तपासायला सांगा. एवढं सगळं झाल्यावर मग लिंक. काही लोक यातलं काहीच विकत घेणार नाहीत, प्लंबरला बोलावतील, आणि ते योग्यच आहे. पण तेच लोक सहा महिन्यांनी परत येतात, कारण तुम्ही त्यांचे पैसे वाचवलेत.

एक नियम मी पाळतो आणि तुम्हीही पाळा, गॅसची पाइपलाइन, मेन स्विचबोर्ड, बीम-कॉलमची भेग यावर 'स्वतः करा' असा लेख लिहायचा नाही, कितीही लोक शोधत असले तरी. तिथे जाणकार माणूस बोलवा एवढंच लिहायचं.

कुठल्या प्रोग्रॅममध्ये जायचं

ॲमेझॉनपासून सुरुवात करणं सोपं, कारण लोकांचा भरवसा आहे आणि गिट्टीपासून गीझरपर्यंत सगळं तिथे मिळतं. पण घाईने अर्ज करू नका. खातं उघडल्यावर १८० दिवसांत निदान ३ विक्री व्हाव्या लागतात, नाहीतर खातं बंद होतं आणि परत अर्ज करावा लागतो. म्हणून आधी दहा-पंधरा चांगले लेख तयार ठेवा, थोडी लोकं यायला लागू देत, मग अर्ज.

बाकी क्यूलिंक्स, ॲडमिटॅड, व्हीकमिशन अशी नेटवर्क आहेत, तिथे एका खात्यातून अनेक दुकानांच्या लिंक मिळतात. फर्निचर, गादी, दिवे, वॉटर प्युरिफायर विकणाऱ्या कंपन्यांचे स्वतःचे प्रोग्रॅमही असतात आणि महाग वस्तूवर एका ऑर्डरमागे बरी रक्कम मिळते.

एकाच दुकानावर सगळा भार टाकू नका, हे मी कळकळीने सांगतोय. एप्रिल २०२० मध्ये ॲमेझॉनने अमेरिकेत फर्निचर आणि घरदुरुस्ती या कॅटेगरीचं कमिशन ८ टक्क्यांवरून थेट ३ टक्क्यांवर आणलं. ज्यांचं घर त्या एका प्रोग्रॅमवर चालत होतं त्यांची त्या वस्तूंवरची कमाई एका झटक्यात निम्म्याहून खाली आली, लेख तेच, वाचक तेच. दर ठरवणं आपल्या हातात नसतं, आपल्याकडे तेही बदलू शकतात, म्हणून दर महिन्याला दरांचं पान एकदा बघत जा.

हिशोब खरा काय होतो

इथे लोक स्वप्नं बघतात, म्हणून एक हिशोब मांडतो. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमचे वेगळे येतील. समजा एक लेख महिन्याला ३००० लोक वाचतात. त्यातल्या १०० मागे ८ जणांनी लिंक दाबली, म्हणजे २४० क्लिक. क्लिक करणाऱ्या १०० मागे ४ जणांनी खरेदी केली, म्हणजे साधारण १० ऑर्डर. सरासरी ऑर्डर ११८० रुपयांची, टॅक्स जाऊन १०००, कमिशन समजा ५ टक्के, म्हणजे ऑर्डरमागे ५० रुपये, एकूण ५००. त्यातली एखाद-दुसरी ऑर्डर परत गेली, उरले ४००-४५०. असे २० लेख चालले तर महिन्याला आठ-नऊ हजार. आणि वीसही लेख चालत नाहीत, काही पडूनच राहतात.

आता हा हिशोब पुन्हा वाचा, कारण कमाई कुठे वाढवता येते ते यातच आहे. वाचक ३००० चे ६००० करणं वर्षभराचं काम आहे. पण लिंक योग्य जागी आणली तर ८ चे १२ क्लिक आठवडाभरात होऊ शकतात. लिंक लेखाच्या शेवटी ढीग करून ठेवू नका. ज्या वाक्यात त्या वस्तूची गरज पडते तिथेच द्या, 'आता ६ एमएमचा बिट लावा' इथेच बिटाची लिंक. आणि लेखाच्या सुरुवातीला 'या कामाला काय काय लागेल' अशी छोटी यादी द्या, आपण किराणा आणायला जाताना करतो तशी, कारण बरेच जण मोबाइलवर वाचतात आणि काम सुरू करण्याआधी सामान मागवतात.

अजून एक, प्रत्येक लेखाला किंवा निदान प्रत्येक विषयाला वेगळा ट्रॅकिंग आयडी, म्हणजे वेगळा टॅग द्या, ॲमेझॉनच्या खात्यात ते फुकट बनवता येतात. नाहीतर महिनाअखेरीस ५० ऑर्डर दिसतात आणि त्या ओलीच्या लेखातून आल्या की शेल्फच्या, काहीच कळत नाही.

जिथे लोक अडकतात ते नियम

ॲमेझॉनवरच्या वस्तूची किंमत लेखात हाताने लिहायची नाही, ती सतत बदलते आणि अटीतही बसत नाही. 'दीड-दोन हजारांच्या गटातलं' असं ढोबळ लिहा. तिथले ग्राहकांचे रिव्ह्यू उचलून आपल्याकडे टाकायचे नाहीत, फोटो सेव्ह करून चिकटवायचे नाहीत. लिंक पीडीएफमध्ये किंवा छापील पत्रकावर टाकायची नाही. आणि लिंक कुठे जाते ते लपवायचं नाही.

गूगलसाठी प्रत्येक ॲफिलिएट लिंकच्या कोडमध्ये 'स्पॉन्सर्ड' अशी खूण टाका, ही सोय त्यांनी २०१९ मध्ये आणली. वर्डप्रेसमध्ये यासाठी प्लगिन मिळतात, कोड येत नसेल तरी जमतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वाचकाला सांगणं. भारतात जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि जानेवारी २०२३ मध्ये शिफारस करणाऱ्यांनी आपला आर्थिक संबंध कसा उघड करायचा तेही सांगितलं. दिशाभूल केली तर दंड १० लाखांपर्यंत, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत जाऊ शकतो. पण दंड बाजूला ठेवा, वाचक आपल्या घरातलं माणूस समजून आपल्याला भिंतीचे फोटो पाठवतो, त्याच्याशी लपवाछपवी कशाला. लेखाच्या अगदी वर, पहिल्या लिंकच्या आधी, मराठीत लिहा: 'या लेखातल्या काही लिंक ॲफिलिएट आहेत. त्यावरून खरेदी केलीत तर मला थोडं कमिशन मिळतं, तुम्हाला जास्त पैसे पडत नाहीत.' ॲमेझॉनला त्यांचं ठरलेलं वाक्यही हवं असतं, तेही टाका. लेख मराठीत आणि खुलासा तळाशी बारीक अक्षरात इंग्रजीत, असं करू नका.

लोक येणार कुठून

मराठीत शोधणारे इंग्रजीपेक्षा कमी, हे मान्यच करायला हवं, पण लिहिणारेही कमी आहेत. लोक बोलतात तसंच शोधतात, 'भिंतीचे पोपडे निघतात काय करावे', 'नळ टपकतो वायसर कसा बदलायचा'. वायसर म्हणतात तर वायसरच लिहा, वॉशर एकदा कुठेतरी येऊ द्या. हार्डवेअरच्या दुकानात अर्धा तास उभे राहा आणि गिऱ्हाईक काय शब्दांत मागतं ते वहीत उतरवून घ्या, माझे कितीतरी लेख मामांच्या गल्ल्याशेजारच्या स्टुलावर सुचलेत.

ऑगस्ट २०२४ पासून गूगल भारतातही शोधलेल्या निकालांच्या वर एआयने तयार केलेलं उत्तर दाखवतं, त्यामुळे 'ओल म्हणजे काय' टाइपच्या लेखांवर आता क्लिक यायचे नाहीत. यायचे ते तुम्ही स्वतः केलेल्या कामाच्या फोटोंवर. भोक पाडताना, चुकलेलं भोक बुजवताना, तीन महिन्यांनी त्याच भिंतीचा फोटो. एआयला हे देता येत नाही. त्याच कामाचा चार मिनिटांचा व्हिडिओ यूट्यूबला टाका आणि खाली लेखाची लिंक द्या.

आणि वेळ सांभाळा. गळतीचा लेख जूनमध्ये टाकून उपयोग नाही, गूगलला तो उचलायला वेळ लागतो आणि गच्चीचं काम लोक उन्हाळ्यात करतात. तो जानेवारी-फेब्रुवारीत टाका. दिवाळीच्या रंगकामाचा जूनमध्ये. गीझरचा पाऊस सुरू असतानाच.

पैसे हातात येईपर्यंत

ॲमेझॉनचे पैसे महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी येतात, मे महिन्याची कमाई जुलैअखेरीस, कारण मधल्या काळात परत येणाऱ्या वस्तू वजा व्हायच्या असतात. कमिशनवर टीडीएस ऑक्टोबर २०२४ पासून ५ ऐवजी २ टक्के झालाय, पण पॅन दिलेला नसेल तर २० टक्के कापला जातो, म्हणून पॅन पहिल्याच दिवशी भरा. कापलेला टीडीएस आयकर खात्याच्या साइटवर तुमच्या नावावर दिसतोय का ते बघून घ्या, रिटर्न भरताना तो वळता करता येतो. जीएसटीची नोंदणी सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीनंतर लागते, तिथपर्यंत पोचलात की सीएकडे जा.

होस्टिंग, डोमेन, तपासायला घेतलेल्या वस्तू, सगळ्यांची बिलं एका फाइलमध्ये ठेवा, तो तुमचा धंद्याचा खर्च आहे.

एवढं झाल्यावर दर तीन महिन्यांनी एक रविवार काढा आणि जास्त वाचले जाणारे पंधरा-वीस लेख उघडून त्यातली प्रत्येक लिंक स्वतः दाबून बघा. वस्तू बंद झालेली असते, विक्रेता बदललेला असतो, कधी त्याच पानावर भलतंच मॉडेल आलेलं असतं. मागच्या वेळी माझ्या शेल्फच्या लेखातली गिट्ट्यांची लिंक आखूड गिट्ट्यांच्या पाकिटावर जात होती, नाव तेच, लांबी वेगळी. ती घेऊन कुणाचं शेल्फ पुन्हा खाली आलं असतं. ती लिंक काढली, लांब गिट्टीची शोधून लावली, आणि खाली तारीख टाकली की लिंक आज तपासली आहे.